मोठ्या सुट्टीतले खेळ: पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मैदानावरचं मार्गदर्शन

मोठी सुट्टी वेळापत्रकात अर्ध्या तासाची दिसते. पोषण आहाराची खिचडी किंवा डबा, हात धुणं, नळावरची रांग आणि पाणी यांत पंधरा ते अठरा मिनिटं जातात. खेळायला उरतात फार तर बारा-पंधरा मिनिटं. जेवल्या जेवल्या धावलं की मुलांच्या पोटात कळ येते, म्हणून त्यातलीही पहिली दोन-तीन मिनिटं बैठ्या खेळाची धरावी लागतात. शाळेवर नव्याने रुजू झालेले शिक्षक, अंगणवाडीच्या ताई किंवा मैदानावर मदतीला येणारे पालक, सगळ्यांनी खेळ निवडण्याआधी हा हिशोब मांडावा.

एकदा बाद झालं की डाव संपेपर्यंत कडेला बसायचं, असा खेळ एवढ्या वेळात चालत नाही. सगळ्यात आधी बाद होतं ते हळू धावणारं मूल. म्हणजे ज्याला धावण्याची जास्त गरज तेच जास्त वेळ बसून राहतं, आणि आठवडाभरात ते मैदानाकडे फिरकेनासं होतं. खालचे सगळे खेळ त्यामुळे असे बेतले आहेत की बाद झालेला गडी लवकर परत आत येईल.

मैदान आणि आखणी

नाशिक जिल्ह्यात सगळीकडे एकसारखं मैदान मिळत नाही. निफाड-येवल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत लहान पाऊल अडकून मुरगळतं, म्हणून मार्चच्या आधीच भेगा मुरूम-मातीने बुजवून घ्या. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर व्हरांड्यातल्या खेळांवरच भिस्त ठेवावी लागते. शहरातल्या बऱ्याच शाळांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. ते कोरडे असताना ठीक, पण ओले झाले की शेवाळ धरतात आणि गुळगुळीत तळाचे काळे बूट त्यावरून सरकतात. अशा दिवशी पळापळीचे खेळ घेऊच नका.

रोज सुट्टी होण्याआधी एक चक्कर मारा. काचेचे तुकडे, खिळे, बाभळीचे काटे, उघडी पडलेली पाइपची तोंडं बघा. मातीवर रेघ काठीने मारली तरी पुरते. स्पष्ट रेघ हवी असेल तर फक्की किंवा पांढरी रांगोळी वापरा. कळीचा चुना वापरू नका, तो उडून डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. पेव्हर ब्लॉकवर साधा खडू पुरतो.

हद्द भिंतीपासून कमीत कमी सहा फूट आत आखा. धावणारं मूल रेघेवर थांबत नाही, रेघ ओलांडून चार-पाच पावलं पुढे जातं. ती पावलं भिंतीवर किंवा नळाच्या कट्ट्यावर संपायला नकोत.

राज्य कोणावर आणि गट कसे

चकणं मुलांना येत असतं. तिघांनी हात एकत्र आणून पालथे किंवा उताणे टाकायचे, ज्याचा हात वेगळा तो सुटला, त्याच्या जागी पुढचा. शेवटी दोघं उरले की सुटलेल्यांपैकी एक जण तिसरा हात देतो. खेळायला वीस मुलं असतील तर असं किमान एकोणीस वेळा करावं लागतं, शिवाय तिन्ही हात सारखे पडले की पुन्हा. त्यातच चार-पाच मिनिटं जातात. म्हणून आधी पाच-पाचचे गट करा आणि प्रत्येक गटातला एक चकून काढा, एका मिनिटात चार राज्यवाले मिळतात. अगदीच वेळ नसेल तर ‘अडम तडम तडतड बाजा’ म्हणत बोट फिरवा.

दोन संघ पाडायचे असतील तेव्हा दोन कप्तानांनी एकेक भिडू मागून घ्यायची पद्धत बंद करा. शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं आणि ते सगळ्यांसमोर उरतं. त्यापेक्षा जुनी जोडीची पद्धत उत्तम: साधारण सारख्या ताकदीची दोन मुलं बाजूला जाऊन गुपचूप एकेक नाव घेतात, एक चिंच, एक आंबा. मग कप्तानासमोर येऊन विचारतात, ‘चिंच हवी की आंबा?’ कप्तान नाव निवडतो, माणूस नाही. संघही बरोबरीचे होतात.

दोन सवलती मुलांनी स्वतःच ठेवलेल्या आहेत, त्या मोडू नका. एक ‘कच्चा लिंबू’: पहिलीतलं किंवा आजारातून उठलेलं मूल खेळतं, धावतं, पण बाद धरत नाहीत. दुसरी ‘टाइम प्लीज’: लेस सुटली, पडलं, तहान लागली तर मूठ तोंडाशी नेऊन थांबायचं. पकडलं जाण्याच्या क्षणी टाइम प्लीज म्हटलं की भांडण होतं. म्हणून एका डावात एकदाच, आणि राज्यवाला तीन पावलांच्या आत नसतानाच, एवढा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवा.

विषामृत

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला खेळ हाच घ्यावा. साहित्य लागत नाही, नियम एका मिनिटात समजतो आणि कोणी बाहेर बसत नाही.

१. साधारण ४० बाय ४० फूट चौकोन आखा. त्यात वीस मुलं नीट मावतात.
२. सात-आठ मुलांमागे एक राज्यवाला धरा. वीस मुलांना तीन. तिघांच्याही दंडाला रुमाल बांधा, नाहीतर कोणापासून पळायचं तेच कळत नाही.
३. राज्यवाला हात लावून ‘विष’ म्हणतो. ज्याला विष मिळालं तो तिथेच हात पसरून उभा.
४. सुटा गडी येऊन त्याला हात लावून ‘अमृत’ म्हणतो, की तो पुन्हा पळायला मोकळा.
५. दोन मिनिटांनी शिट्टी. राज्य बदला.

अनेक ठिकाणी विष मिळालेल्याला खाली बसवतात. लहान मैदानावर हे टाळा, मागे बघत धावणारं मूल बसलेल्याला अडखळून त्याच्या अंगावर पडतं. उभ्या, हात पसरलेल्या मुलाला सगळे चुकवून जातात.

दुसरी अडचण राखणीची. हुशार राज्यवाला विष दिलेल्यापाशीच घुटमळतो आणि अमृत द्यायला येईल त्याला टिपतो. विष दिल्यावर राज्यवाल्याने पाच पावलं दूर जायचंच, असं ठरवा. तिसरी अडचण म्हणजे पाठीत धपाटा. हात खांदा ते कोपर एवढ्याच भागाला लावायचा, आणि धपाटा घातला तर ते विष धरायचं नाही. हा नियम पाळला गेला की दोन दिवसांत धपाटे थांबतात, कारण मेहनत फुकट जाते.

डावभर एकदाही विष न मिळता पळणारी मुलं फार झाली तर राज्यवाला वाढवा. सगळेच उभे राहिले आणि खेळ गोठला तर एक कमी करा.

लंगडी

लंगडीला जागा कमी लागते आणि दम मात्र पुरेपूर लागतो. पण मुलांना थेट डावात उतरवू नका. आधी दोन दिवस नुसती लंगडी घालायला शिकवा: पाच उड्या, मग दहा, मग १५ फुटांच्या रेघेपर्यंत. वर घेतलेला पाय गुडघ्यात मागे दुमडलेला हवा, हाताने धरलेला नको, कारण हात तोल सांभाळायला लागतात. उडी टाचेवर आपटत असेल तर आवाज येतो, ‘थप थप’. चवड्यावर हलकी उतरली तर आवाज जवळजवळ येत नाही. मुलांना ‘आवाज न करता लंगडी घाला’ एवढं सांगितलं तरी बहुतेकांची उडी आपोआप सुधारते.

डावासाठी पहिली-दुसरीला १५ फूट, तिसरी-चौथीला २० फूट बाजूचा चौकोन पुरे. आत सहा पळणारे, एक लंगडी घालणारा. तीस सेकंदांनी लंगडीवाला बदलायचा. पाय टेकला तरी बदलायचा. एका पाळीत पाय बदलता येत नाही, पण पुढच्या पाळीला दुसऱ्या पायावर यायचं, म्हणजे दोन्ही पायांना सारखा सराव होतो. ज्याला हात लागला किंवा ज्याने रेघ ओलांडली तो बाहेर, पण पुढचा लंगडीवाला आत येताच बाहेरचे सगळे परत आत. अशी बेरीज ठेवा: प्रत्येक लंगडीवाल्याने किती गडी टिपले. दहा मिनिटांत चौदा-पंधरा पाळ्या होतात, म्हणजे सात मुलांच्या गटात प्रत्येकाला दोनदा संधी.

चौकोन मोठा आखणं ही नेहमीची चूक. ३० फुटांच्या चौकोनात सात वर्षांच्या मुलाला कोणीच सापडत नाही, ते दमतं आणि रडकुंडीला येतं. गडी सापडत नसेल तर चौकोन लहान करा, वेळ वाढवू नका. सिमेंट किंवा पेव्हरवर लंगडी पाच मिनिटांपुरतीच, गुडघ्याला आणि घोट्याला दणके बसतात. नुसत्या मोज्यांवर तर अजिबात नको.

लगोरी, आणि तिचा चेंडू

मोठी मुलं सात दगडांची लगोरी खेळतात. पहिली-दुसरीसाठी पाच पुरेत. फरशीचे फुटके तुकडे कडांना धारदार असतात, लगोरी रचताना बोटं कापतात. सुताराकडून उरलेल्या फळीच्या चकत्या आणा, जाडी पाऊण इंच, रुंदी खालून वर साधारण ५, साडेचार, ४, साडेतीन आणि ३ इंच. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या.

चेंडू चिंध्यांचाच हवा. रबरी चेंडू पाठीवर चटका देतो, आणि ज्याला एकदा चटका बसला ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. चेंडू असा करा: जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा. पहिली पट्टी घट्ट गोळा करून तिच्यावर पुढची गुंडाळा, प्रत्येक वेळी दिशा बदलत, लोकरीचा गुंडा करतात तसं. गोळा लिंबाएवढा होईपर्यंत आवळून गुंडाळा आणि त्यापुढे जरा सैल, म्हणजे आत वजन आणि बाहेर मऊपणा राहतो. मोसंब्याएवढा झाला की जुन्या मोज्यात घाला, मोजा पिळून उलटा करून पुन्हा त्यावरच चढवा आणि तोंड जाड दोऱ्याने शिवून टाका. सुतळी बाहेरून बांधू नका, तिची गाठ लागते. चेंडू हाताने दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. दगडासारखा लागला तर बाहेरची पट्टी उलगडून सैल करा. ओला झाला तर तो जड होतो, म्हणून पावसाळ्यात दोन चेंडू ठेवा.

खेळ असा. पाच चकत्या सपाट जागी रचा, सभोवार तीन फूट त्रिज्येचं रिंगण आखा. पहिलीसाठी ८ फुटांवरून, चौथीसाठी १५ फुटांवरून नेम. प्रत्येकाला तीन फेक, तिन्ही चुकल्या तर पुढचा. लगोरी फुटली की फोडणारा संघ ती पुन्हा रचायला धावतो, दुसरा संघ चेंडू मारून टिपतो. कमरेच्या वर लागलेला चेंडू मोजायचा नाही. पूर्ण रचून ‘लगोरी!’ ओरडलं की गुण. चेंडू लागलेला गडी मैदानाच्या टोकाच्या झाडाला हात लावून परत खेळात येतो, त्याला बसवू नका.

रिंगणाचं कारण असं की लगोरी रचणारं मूल वाकलेलं असतं आणि त्याचं तोंड चेंडूच्या उंचीवर येतं. म्हणून रिंगणात असलेल्या गड्याला चेंडू फेकून मारायचा नाही, चेंडू हातात घेऊन जवळ जाऊन टेकवायचा. हा एक नियम पाळला नाही तर लगोरी सुट्टीत घेऊ नये.

ठिक्कर

जेमतेम पंधरा फूट लांब जागा असली तरी ठिक्कर बसते. आठ घरं आखा: एक, दोन, तीन सरळ, चार-पाच जोडीने, सहा एकटं, सात-आठ जोडीने. लहानांसाठी घराची बाजू १४ इंच. बिल्ला, म्हणजे कौलाचा चपटा तुकडा, पहिल्या घरात टाकायचा, ते घर ओलांडून लंगडीने पुढे जायचं, जोडघरांत दोन्ही पाय टेकायचे, सात-आठवर उडी मारून वळायचं, येताना बिल्ला उचलून बाहेर. मग बिल्ला दुसऱ्या घरात. रेघेवर पाय पडला किंवा बिल्ला रेघेवर पडला की पाळी गेली. आठही झाली की पाठमोरं उभं राहून बिल्ला टाकायचा, ज्या घरात पडेल ते आपलं घर. तिथे आपण दोन्ही पाय टेकून विसावा घ्यायचा, इतरांनी ते ओलांडून जायचं.

पाळीची वाट पाहण्यातच वेळ जातो, म्हणून एका आखणीवर चारच मुलं. सोळा मुलं असतील तर चार आखण्या करा, खडूला फारसा खर्च नाही. पेव्हरवर कौलाचा बिल्ला घसरत लांब जातो. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची चौकोन दोन घड्या करून शिवून वापरा, टाकला तिथेच राहतो.

पावसाळी दिवस आणि जेवणानंतरची दोन-तीन मिनिटं

तळ्यात-मळ्यात व्हरांड्यात सहज होतं. एक रेघ, अलीकडे मळा, पलीकडे तळं, सांगणारा पुकारतो तसं उडी मारायची. चुकलेल्याला बाहेर काढण्याऐवजी त्यालाच पुकारायला लावा आणि आधीचा पुकारणारा रांगेत येतो. मुलं चुकायला घाबरत नाहीत. फरशी ओली असेल तर उडी नको, एक पाऊल पुढे-मागे.

मामाचं पत्र हरवलं हा खेळ बारा ते पंधरा मुलांत रंगतो. गोल करून बसायचं, एक जण रुमाल घेऊन बाहेरून फिरतो आणि कोणाच्या तरी पाठीमागे गुपचूप टाकतो. ज्याच्या मागे पडला त्याने उचलून पाठलाग करायचा, टाकणाऱ्याने एक फेरी मारून त्याची जागा गाठायची. पंचवीसचा एक गोल करू नका, दोन करा. मुलं आपल्या मित्रामागेच रुमाल टाकत राहतात, म्हणून एकदा धावून आलेल्याने हाताची घडी घालून बसायचं. घडी न घातलेल्यांमागेच रुमाल टाकायचा. सगळ्यांना पाळी मिळते, आणि कोण राहिलं ते तुम्हालाही एका नजरेत दिसतं.

बैठ्या खेळांत सागरगोटे तिसरीपासून द्या. पाच गोटे पसरायचे, एक वर झेलताना खालचा एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन-एक, मग चारही. जमेपर्यंत गोटा फक्त डोळ्यांच्या उंचीएवढाच उडवायला सांगा, उंच उडवला की झेल सुटतो. बालवाडी-पहिलीला चिंचोके, गुंजा, सागरगोटे काहीच हातात देऊ नका. ते नाकात-कानात जातात, आणि गुंज तर विषारी असते. काचापाणी, म्हणजे फुटक्या बांगड्यांच्या काचांचा खेळ, तोही शाळेत नको.

साखळी, खो-खो आणि जपून घ्यायचे खेळ

साखळीत पकडलेला गडी हात धरून साखळीला जोडला जातो. साखळी लांबली की टोकाचं मूल झोकांडून फेकलं जातं, मनगट निखळण्याची भीती असते. चार झाले की दोन-दोनच्या दोन साखळ्या करा. बोटांत बोटं गुंतवू नका, मनगट धरायला शिकवा.

खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं आणि संघ नऊ जणांचा, एवढं सुट्टीत जमत नाही. तिसरी-चौथीला पाच बसणारे, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे आणि दोन मिनिटं असा छोटा खो-खो घ्या. बसणाऱ्यांत पाच फुटांचं अंतर, तोंडं आलटून-पालटून. हाताचा स्पर्श आणि मोठ्याने ‘खो’ दोन्ही एकदम व्हायला हवेत, नाहीतर बसलेला गडी आधीच उठतो. खो म्हणजे ढकलणं नव्हे, पाठीला तळवा टेकवणं. टीव्हीवर खेळाडू मॅटवर सूर मारतात, मुरमावर तसं केलं की गुडघे-कोपरं सोलून निघतात. सूर मारून टिपलेला गडी बाद धरायचा नाही.

लपाछपी आणि डब्बा ऐसपैस हे फार गोड खेळ, पण सुट्टीत नकोत. मुलं टाकीमागे, स्वच्छतागृहात, उभ्या गाडीखाली लपतात आणि नजरेआड होतात. विटीदांडूही इतर मुलं आसपास असताना नको, उडालेली विटी डोळ्यालाच लागते. भोवरा चौथीला, वेगळ्या कोपऱ्यात, आर बोथट करून.

ज्या मुलाला धावता येत नाही त्याला पंच करून बाजूला बसवू नका. विषामृतात त्याला चार फुटांचं रिंगण आखून द्या, तो ‘अमृताचा घडा’. विष मिळालेलं मूल लंगडी घालत त्या रिंगणापर्यंत जाऊन त्याच्या हाताने सुटू शकतं. सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो.

भांडण, जखम, ऊन-थंडी

‘हात लागला’, ‘नाही लागला’ यावर निवाडा देत बसू नका, तेवढी पाळी पुन्हा खेळवा. खरचटलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, माती किंवा चहापूड लावू देऊ नका. डोक्याला मार लागून उलटी झाली, झोप येऊ लागली किंवा मूल गोंधळल्यासारखं वागलं तर थेट डॉक्टरांकडे न्या आणि पालकांना कळवा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा फार खाली जातो. सकाळच्या सत्रात आधी दोन मिनिटं जागेवर उड्या आणि घोटे फिरवणं, मग लंगडी. फेब्रुवारी संपला की दुपारचे खेळ झाडाच्या सावलीत हलवा, हाताचा तळवा जमिनीवर पाच सेकंद टेकवत नसेल तर मुलांना तिथे बसवू नका.

पहिले चार आठवडे

नवा खेळ सुट्टीत शिकवू नका, खेळाच्या तासाला शिकवा. पहिला आठवडा विषामृत, दुसरा मामाचं पत्र आणि ठिक्कर, तिसरा लंगडी, चौथा लगोरी. प्रत्येक आठवड्यात पहिले दोन दिवस तुम्ही शिट्टी घेऊन आत उभे राहा, पुढचे दोन दिवस रेघेबाहेर, आणि त्यानंतर फक्त नजर ठेवा. राज्य कोणावर, पाळी कोणाची हे मुलांनाच ठरवू द्या.

घंटेच्या तीन मिनिटं आधी एक लांब शिट्टी. साहित्याच्या पेटीची जबाबदारी आठवड्याला दोन मुलांची: पाच चकत्या, दोन चेंडू, चार बिल्ले, तीन रुमाल, खडूची डबी मोजून आत ठेवायची. मग हात धुणं, दोन घोट पाणी, आणि वर्ग.